तळाची चिमूट

“समुद्र कधीही खोटं बोलत नाही,” साहेब पाहुण्यांना सांगत होते. “पोवळं दरवर्षी चुन्याचा एक थर चढवतं. त्या थरात कॅल्शियमच्या मानानं स्ट्रॉन्शियम कमी सापडलं, की समजायचं, त्या साली पाणी गरम होतं.”

समुद्राचं प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या ताईंना ठाऊक नव्हतं. पण ते मोजणारं यंत्र सकाळचा चहा होईपर्यंत बेधडक थापा मारतं, हे त्या नोकरीला लागल्यापासून पाहत होत्या. म्हणून मधूनमधून त्याला ओळखीची एक भुकटी द्यायची. तिचं उत्तर आधीच ठाऊक असतं. यंत्र चुकलं, की तिथंच कान पिरगाळायचा.

पोवळ्याची ही भुकटी साहेबांच्या आधीच्या मोठ्या सरांनी स्वतः खलात घोटली होती. सर गेले, भुकटी उरली. साखरेच्या डब्याला एखादी सासू जपणार नाही, इतकं ताईंनी तिला जपलं. आता तळाशी चिमूटभर होती, आणि नवी बाटली कपाटात येऊन बसली होती.

पाहुणे गेल्यावर साहेब म्हणाले, “ताई, आज जुनी आणि नवी शेजारीशेजारी मोजू या.”

“जुनी संपली.”

“झाकणावर हात ठेवून सांगताय?”

ताईंनी हात काढला नाही. “एवढीशी तर आहे. राहू दे की. सरांच्या हातचं दुसरं काय उरलंय?”

“नवी भुकटी वापरली की पाणी जरा गार दिसतं. हा फरक समुद्राचा की बाटलीचा, ते आज नाही कळलं तर कधीच कळणार नाही. सरांची सगळी मोजमापं अधांतरी राहतील.”

“सर असते तर रागावले असते.”

“कोणावर?”

ताईंनी वजनकाटा शून्यावर आणला. बाटली उलटी करून बुडावर टिचक्या मारल्या. आम्लात भुकटी जराशी फसफसली आणि पाणी नितळ झालं. सरांचा रागही एवढाच टिकायचा.

संध्याकाळपर्यंत दोन्ही आळीपाळीनं यंत्रातून गेल्या. फरक दर वेळी तेवढाच आला. म्हणजे तो बाटलीचा होता; वजा करता येत होता.

साहेब उठून उभे राहिले. “ताई, आज सरांचा समुद्र आणि आपला समुद्र एक झाला. पुढच्या पिढ्या—”

“ही रिकामी घरी नेऊ का? झाकण घट्ट बसतं. बटणं ठेवायला होईल.”

साहेबांनी बाटली विसळायला नळ सोडला.

“धुऊ नका,” ताई म्हणाल्या. “तशीच द्या.”