श्वास धरून बसलेली जिबोया

मित्रांनो, मी बेलेम शहरातल्या नदीकाठच्या एका पिठाच्या वखारीतली जुनी जिबोया आहे, म्हणजे अजगरासारखी बिनविषारी सापीण. लांबच्या देशांत आम्हाला बोआ म्हणतात आणि काचेच्या पेटीत दिव्याखाली ठेवतात, असे ऐकते. इथे आम्हाला उंदरांसाठी ठेवतात. मांजरही उंदीर मारते, पण आधी दूध मागते आणि नंतर कौतुक. आम्ही दोन्ही मागत नाही. तुमच्याशी बोलताना मी तोंड जरा भिंतीकडे वळवून बसले आहे, त्याचा राग मानू नका. सवय आहे, आणि मला तिचीच गोष्ट सांगायची आहे.

माझा जन्म पुराच्या पाण्यात उभ्या असलेल्या जंगलातला. आम्ही अंड्यातून येत नाही, आईच्या पोटातून थेट जगात वळवळत येतो, आणि आई मागे वळून पाहत नाही. तिने मला काही शिकवले नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल. मला पकडणाऱ्या म्हाताऱ्या ओनोरातोने मला बाजारात आणले. वाळवलेली कोळंबी आणि औषधी मुळ्या यांच्या मधल्या टोपलीत मी बसले होते.

तिथे दोना झुल्मीरा आली; दोना म्हणजे आमच्याकडे बाई. कसावा कंदाच्या पिठाची वखार तिची. नवरा बेल्मिरो फक्त गल्ल्याजवळ बसून गप्पा मारायचा. त्याने सगळ्यांत जाड सापाकडे बोट दाखवले. म्हणाला, "हा घे. याला बघून उंदीरच काय, तुझे भाऊसुद्धा जेवायला येणार नाहीत."

"मग दोन घेऊ," झुल्मीरा म्हणाली. "तुमचे भाऊ कोण अडवणार?"

ओनोरातो हसला नाही. गिऱ्हाइकाच्या घरच्या भांडणात विक्रेत्याने हसू नये, हे त्याला कळत होते. तो म्हणाला, "दोना, जाड बघू नका, खाणारा बघा. तोंडात फेस नको, नाकपुडीत बुडबुडा नको, खवल्यांखाली गोचीड नको. आणि हातावर घ्या. जो धरत नाही, तो आजारी."

तिने मला हातावर घेतले. मी इतके घट्ट धरले की तिची बांगडी माझ्या पोटात रुतली. तिथेच सौदा ठरला.

मग ओनोरातोने सांभाळायच्या गोष्टी सांगितल्या. अंग बुडेल एवढी पाण्याची परात ठेवा. एक ऊबदार आणि एक थंड कोपरा ठेवा. पोट भरल्यावर हाताळू नका. आणि डोळ्यांवर निळसर धुके आले तर मुळीच हात लावू नका. तेव्हा कात टाकायची असते, दिसत नाही, खायची इच्छा नसते, लपून बसावेसे वाटते. तोवर बेल्मिरो तळलेल्या माशाच्या गाड्याकडे गेला होता आणि झुल्मीरा विचारत होती की शेपटीचा लाल रंग टिकेल ना. माणसे अर्धी गोष्ट ऐकतात आणि पूर्ण जनावर घरी नेतात.

वखारीत मला बारोनेझा म्हणू लागले, म्हणजे सरदारीण. माझी जागा तुळईवर. तिथून मी उंदरांचा बंदोबस्त करायचे आणि माणसांचा हिशोब ठेवायचे. भाव विचारता विचारता पोत्यातले मूठभर पीठ तोंडात कोण टाकतो, तराजूच्या काट्याकडे कोण पाहतो आणि झुल्मीराच्या तोंडाकडे कोण, हे मला वरून दिसायचे. शेजारीण दोना एउलालिया माप भरून पीठ उसने न्यायची आणि परत आणताना मापाला सपाट हात मारून आणायची. ती माझ्या भीतीने कधी आत आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून सगळ्या गल्लीचे बोलायची. हेही लक्षात ठेवा.

ती माझी सुखाची वर्षे. पोती शाबूत होती. झुल्मीरा येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी शेपटी दाखवायची.

एका दमट वर्षी तिच्या मानेवर फिकट डाग उठले. मग दंडावर उठले. एउलालियाने ते उंबऱ्याबाहेरून पाहिले.

"झुल्मीरा, हा जिबोयाचा श्वास आहे," ती म्हणाली. "ती ज्याच्यावर श्वास सोडते, त्याच्या अंगावर तिची नक्षी उठते. माझ्या मावशीने सांगितलंय."

आमच्याकडे हे सगळेच मानतात. बेल्मिरोने मानले, झुल्मीराने मानले आणि मित्रांनो, मीही मानले. माझ्या आईने मला काही शिकवले नव्हते. माझ्या श्वासात काय आहे, हे मला कोण सांगणार?

झुल्मीरा लांब बाह्या घालू लागली. गळ्याभोवती रुमाल आला. त्या उकाड्यात ती घामाने भिजायची, आणि डाग वाढत जायचे. पूर्वी बायका तिचे दोन्ही गाल चुंबून सौदा सुरू करायच्या. आता लांबूनच हात हलवायच्या. ती सुटे पैसे हातात न देता फळीवर ठेवू लागली. जिच्या आवाजाने हमाल चालायचे, ती पोत्यांच्या आड बसू लागली.

आणि मी? ती आत आली की मी श्वास धरायचे. तोंड भिंतीकडे वळवायचे. जिच्या हाताला मी बाजारात घट्ट धरले होते, तिच्याच हातावर माझी नक्षी उठली होती. माझ्या अंगावरचे ठिपके मला तोवर कधी टोचले नव्हते. आता वाटायचे, कोणी पोते टाकून मला झाकले तर बरे.

त्यातच माझ्या डोळ्यांवर निळे धुके आले. कातडी मळकी झाली. मला काही दिसेना, मी खाईना आणि पोत्यांमागच्या अंधारात जाऊन बसले. बेल्मिरोने मला शोधून काढले.

"बघ, तोंड लपवतेय," तो म्हणाला. "चोर असाच बसतो."

त्यांनी मला लाकडी खोक्यात घातले आणि वर पत्रा ठेवला. आत पाणी नव्हते. शिक्षेत पाणी द्यायचे असते, हे कोणाच्या डोक्यात आले नाही. मलाही ते रास्त वाटले, याची मला आज सगळ्यांत जास्त लाज वाटते.

मग कातडीचा व्यापारी आला. त्याने पत्रा सरकवून पाहिले आणि नाक मुरडले. असल्या धुळकट कातडीला कोण विचारतो, हिला कात टाकू द्या, म्हणाला. देवीच्या मिरवणुकीनंतर येतो, तेव्हा सोलून नेतो. खोक्याच्या लाकडातून झुल्मीराची पावले कळत होती; ती बराच वेळ तिथेच उभी होती.

ऑक्टोबरातली ती मिरवणूक म्हणजे आमच्या शहराचा मोठा दिवस. देवीच्या रथाला लांबच लांब दोरी असते आणि माणसे अनवाणी, खांद्याला खांदा लावून ती धरतात. झुल्मीराचा नेम होता, म्हणून ती गेली. लांब बाह्या, रुमाल, सगळे घालून गेली. तिथे काय झाले ते तिने परतल्यावर सांगितले, म्हणून मला ठाऊक आहे.

ती परतली तेव्हा घरात पाहुणे जमले होते. त्या दिवशी प्रत्येक घरी बदक शिजते. आमचेही मोठ्या परातीत मसाला लावून पडले होते. तिची पावले स्वयंपाकघराकडे न जाता वखारीत आली. पत्रा निघाला. मी श्वास धरला. कात एव्हाना सुटली होती, पण पाण्यावाचून फाटली होती. अंगावर चिंध्या लोंबत होत्या आणि डोळ्यांवर जुन्या कातेची झापडे तशीच होती. अशा अवस्थेत कोणी आपल्याला पाहू नये.

ती खोक्याशेजारी जमिनीवर बसली.

"दोरीवर सगळ्यांचे हात वर होते," ती म्हणाली. "बाह्या खाली घसरल्या होत्या. किती हातांवर हेच डाग, बारोनेझा. ज्यांनी साप फक्त चित्रात पाहिला असेल, त्यांच्यासुद्धा. आणि माझ्या पुढचा हात एउलालियाचा."

एउलालियाने मागे वळून पाहिले होते. झुल्मीराची नजर कुठे आहे ते तिला कळले. पण बाही ओढायची तर दोरी सोडावी लागली असती. तिने दोरी सोडली नाही, झुल्मीरानेही सोडली नाही. दोघी तशाच दोरी धरून देवळापर्यंत गेल्या.

"ती तर कधी उंबरा ओलांडून आत आली नाही," झुल्मीरा म्हणाली.

तिने जाऊन बदकाची परात रिकामी करून आणली, धुतली आणि कोमट पाणी भरून मला त्यात सोडले. बेल्मिरो दारात आला. "आणि बदक?" त्याने विचारले.

"बदक मेलंय," ती म्हणाली. "ते थांबू शकतं."

पाण्यात भिजल्यावर चिंध्या सुटल्या. एका डोळ्यावरचे झापड मात्र निघाले नाही. त्या डोळ्याने मला अजून धूसर दिसते. कातडीवाला आला तेव्हा झुल्मीराने त्याला ताटभर बदक वाढले आणि जेवून झाल्यावर रस्ता दाखवला. तिचे डाग उकाडा सरल्यावर फिके झाले आणि पुढच्या दमट दिवसांत परत उठले. लांब बाह्या मात्र तिने परत घातल्या नाहीत. एउलालिया त्यानंतर उसने पीठ परत आणताना माप शिगोशीग भरून आणते.

मित्रांनो, आमच्यातले कोणी घरी आणायचे असेल, तर आधी विकणाऱ्याचे शेवटपर्यंत ऐका. रंगाचे नंतर विचारा. परात मोठी ठेवा. आणि आम्ही लपून बसलो, तर त्याला लगेच गुन्हा म्हणू नका. आम्हाला आमची बाजू मांडता येत नाही. तुम्ही जे म्हणाल ते आम्ही खरे मानतो.

आता मी म्हातारी झाले आहे. झुल्मीराही. ती रोज पाणी बदलायला येते, आणि काय करू, मी अजून तोंड भिंतीकडे वळवते आणि श्वास धरते. ती परातीशेजारी बसते.

"सोड गं," म्हणते.

आम्हाला श्वास फार वेळ धरता येतो. तिला ते माहीत आहे. ती बसून राहते.