केरूच्या खाटेजवळचं स्टूल

मी पेणमधल्या एका छोट्या दवाखान्यातलं लोखंडी स्टूल बोलतंय. रंग उडालाय, एक पाय आखूड आहे. पण माणसं मला कळतात. माझ्यावरच बसतात ना! खरं सांगू? भेटायला येणाऱ्या बहुतेकांची मला किळस येते. केळी आणतात, घड्याळ बघतात आणि तळमळणाऱ्याला शहाणपण शिकवून निघून जातात.

त्र्याण्णव साली केरू आला. जिते गावाकडचा, जन्मभर मिठागरात राबलेला. पोटात कॅन्सर, मोठ्या डॉक्टरांनी हात टेकलेले. सोबत एकुलती एक मुलगी, सगुणा.

एकदा त्याच्या गावचे निवृत्त मास्तर, महादेवराव, माझ्यावर ऐसपैस बसले. कळ सोसवेना म्हणून केरू चादर चावत होता.

"हे मागच्या जन्मीचे भोग, केरू. भोगूनच संपवायचे. टाळलेस तर पोरीच्या वाट्याला येतील."

एवढं सांगून त्यांनी केरूसाठी आणलेलं मोसंबं सोललं आणि स्वतःच खाल्लं.

त्या दिवसापासून केरूने दुखण्याचं इंजेक्शन सोडलं. "मना नको सुई, बाय." कारण सांगेना. तीन दिवस नुसता कण्हत होता.

सरोजिनी सिस्टर रोज अष्टमी गावाहून यायच्या. चौथ्या दुपारी त्यांनी त्याची पाठ पुसली, कूस बदलून दिली आणि माझ्यावर बसल्या. गप्प. त्याचा हात धरून, कितीतरी वेळ. असं बसणारं माणूस मी फार क्वचित पाहिलंय.

शेवटी केरूनेच मास्तरांचं बोलणं सांगितलं.

"केरूदादा, सगुणाला असं दुखलं असतं, तर तुम्ही तिचं औषध अडवलं असतं?"

"नाय गो बाय!"

"मग देव काय तुमच्यापेक्षा वाईट बाप आहे?"

केरू छताकडे बघत राहिला. मग हुंदका फुटला. रडून झाल्यावर त्याने सुईसाठी हात पुढे केला.

पुढचे पाच दिवस तो लेकीशी बोलला, पेज प्यायला, झोपला. सहाव्या सकाळी झोपेतच गेला.

मास्तर हजर! "बघ, भोग संपवून गेला. पुण्यवान!"

सगुणा उठून उभी राहिली. "नाय मास्तर. बाबाने सुई घेतली व्हती. काय उरला असंल तं मी भोगीन. बाबा झोपला, मना पुरे."

मास्तर जिना उतरले. पुढच्या महिन्यात दुसऱ्या खाटेशी आलेच, तेच पुराण घेऊन. असली माणसं सुधारत नाहीत.

मी अजून इथेच आहे, गंजत. तुम्ही कोणाला भेटायला आलात, तर बसा. पण तोंड मिटून. जमत नसेल तर दारातूनच परत जा. मी रिकामं बरं.