नऊ जणांची कन्याकुमारी

वसईजवळच्या उमेळ्याच्या यमुनाबाईंनी साठ वर्षं सूर्य समुद्रात बुडतानाच पाहिला होता. समुद्रातून वर येताना तो कसा दिसतो, ते त्यांना एकदा बघायचं होतं. नवरा सदानंद पोस्टातून निवृत्त झाले आणि वाडीतल्या मोगऱ्याला पाणी द्यायला खात्रीचा माणूस मिळाला, तेव्हा दोघांनी गावातल्या मार्सेलच्या सहलीत नावं घातली. फेब्रुवारी २००५. मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी. एकूण बत्तीस जण होते.

डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी त्सुनामी आली. आठवडाभर टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. वसई रोडला फ्लॅटमध्ये राहणारा त्यांचा मुलगा परेश बायकोला घेऊन वाडीत आला.

"आई, आता कन्याकुमारीचं नाव काढू नकोस. परत लाट आली म्हणजे?"

"रोज येते काय रे अशी लाट?"

"बाबा, तुम्ही तरी सांगा हिला."

मनातून सदानंदही घाबरले होते.

जानेवारीत मार्सेल घरी आला. "काकू, लोक ऐकत नाहीत. सगळ्यांना जयपूर-उदयपूर करून हवंय. समुद्रच नको म्हणतात." मग म्हणाला, "पण कुणी तयार असेल तर मी कन्याकुमारीलाही नेणार. दहा वर्षं ज्याच्याकडे उतरतोय, तो हॉटेलवाला फोनवर रडायला लागला. महिनाभरात एक पाहुणा नाही."

"हॉटेल उभं आहे ना त्याचं?"

"उभं आहे. पाणी पायऱ्यांपर्यंत येऊन गेलं."

"मग आमची नावं राहू देत."

"अगं, जयपूरला किल्ले आहेत, राजवाडे आहेत," सदानंद म्हणाले.

"किल्ला वसईतही आहे. रिक्षाने जाता येतं."

यावर मार्सेल हसला आणि सदानंदांनी हार मानली.

शेवटी नऊ जण निघाले. त्यात गावातली आल्बिना आणि तिची बहीण फ्लॉसीही होत्या. कन्याकुमारीला हॉटेलच्या मालकाने दारात येऊन हात जोडले आणि हवी ती खोली घ्या म्हणाला. सदानंदांनी सगळ्यात वरची घेतली. तीन जिने चढताना त्यांना धाप लागली, पण सामान आत ठेवल्यावर ते निवांत झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे किनाऱ्यावर गेले. एरवी तिथे उभं राहायला जागा मिळत नाही, असं मार्सेल सांगत होता. आज जेमतेम वीस माणसं असतील. सूर्य आधी नखाएवढा दिसला, मग सावकाश पाण्यातून सुटला. आल्बिनाने कपाळाला, छातीला हात लावून क्रूसाची खूण केली. सदानंद कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून बघत राहिले. यमुनाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

परतताना रस्त्याच्या कडेला एक बाई मोगऱ्याच्या कळ्यांची टोपली घेऊन गजरे करत बसली होती. गिऱ्हाईक नव्हतं. यमुनाबाई थबकल्या. ती बाई केळीच्या सोपटाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या दोऱ्याने फुलं बांधत होती.

"अहो, बघा! आपल्यासारखंच."

त्या तिच्यासमोर खाली बसल्या आणि हात पुढे केला. बाईने आधी संशयाने पाहिलं, मग एक धागा दिला. यमुनाबाईंनी चार कळ्या जोडून गाठ मारली. बाईने ती उलटीसुलटी करून पाहिली, हसली आणि आपली गाठ दाखवली. ती जास्त घट्ट होती, आणि एका हाताने होत होती. यमुनाबाईंना ती सहाव्या खेपेला जमली.

तमिळनाडूतल्या वेळांकणीच्या चर्चला जाऊन जाऊन मार्सेलला थोडं तमिळ येत होतं. त्याने विचारून सांगितलं, बाईचं नाव सेल्वी. तिची लाकडी टपरी पाण्याबरोबर गेली. घरातली माणसं वाचली. फुलं मिळतात, पण घेणारे येत नाहीत. सेल्वीने कमरेपाशी हात नेऊन पाणी कुठवर आलं होतं ते दाखवलं. यमुनाबाईंनी तो हात क्षणभर आपल्या हातात धरला.

जेवणानंतर सुचिंद्रमचं देऊळ बघायला जायचं होतं. मार्सेल गाडी घेऊन आला, तेव्हा यमुनाबाई पुन्हा सेल्वीपाशी बसलेल्या होत्या.

"तुम्ही जाऊन या. मी इथे बरी आहे."

फ्लॉसीने गाडीतूनच ओरडून आपल्यासाठी दोन गजरे ठेवायला सांगितलं. सदानंद गाडीत चढले होते, ते उतरले. समोरच्या दुकानातून त्यांनी तीन चहा आणले, धोतर सावरून बायकोशेजारी बसले आणि सोपटाचे धागे सोलून एकसारखे लावू लागले.