बारावं नाव

मंगळुरूच्या बंदरावरल्या त्या काजू-कंपनीच्या कचेरीत जिन्याच्या तोंडाशी कपाटाएवढा एक प्रिंटर होता आणि त्याच्या पडद्यावर पाच ॲप होती. ही ॲप एकतीस जानेवारीला कायमची बंद होतील, तोवर आपापली दुसरी सोय करून घ्या, असं पत्र प्रिंटरवाल्यांकडून आलं, तेव्हा मॅनेजर योगीश शेणव यांनी ते वाचलं, त्याची घडी घातली, आणि अशी सगळी पत्रं शेवटी जिथे जाऊन पडत त्या जलजाक्षीच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

“जलजक्का, याचे अंत्यसंस्कार तुमच्याच हातून होऊ देत,” ते म्हणाले. “त्या यंत्राशी तुमच्याइतकं कोणी बोललेलं नाही.”

जलजाक्षी बंगेराला या कचेरीत बावीस वर्षं झाली होती आणि कामाचं तिला कधी ओझं वाटलं नव्हतं. तिला लागून राहिल्या होत्या त्या वेगळ्याच गोष्टी, इतक्या लहान, की कोणाला सांगायला जावं तर आपलंच हसू व्हावं. दुपारी सगळे खिडकीपाशी गोल करून जेवायला बसत, पण “अक्का, या ना आमच्यात,” असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. ती आपल्याच टेबलावर, शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ करून डबा उघडायची. संध्याकाळी कुळाईच्या बसला माणसं दाराशी लोंबकळत, तरी तिच्या बाकावरची दुसरी जागा मोकळीच राही. बायका एकदा बघत आणि पुढे सरकत. आपल्या अंगाला वास तर येत नाही, म्हणून तिनं मागे एकदा साबणही बदलून पाहिला होता. आई गेल्यापासून घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं, आणि बाहेरही आपण कोणाला नको आहोत ही गोष्ट तिनं हळूहळू मान्य करून टाकली होती.

काम तिनं मन लावून केलं. फॅक्सचं ॲप गेली तीन वर्षं कोणी उघडलंच नव्हतं. स्कॅनची सोय फोनवर झाली. रजेच्या अर्जाचं ॲप जाणार म्हटल्यावर हिशेबाच्या टेबलावरची आयरीन लोबो हात जोडून म्हणाली, “म्हणजे आता रजा मागायची तरी कुठे? त्या यंत्रानं मला कधी नाही म्हटलं नव्हतं, अक्का!” सगळे हसले, जलजाक्षीही हसली. पाहुण्यांच्या पासाचं काम तिनं खालच्या पहारेकऱ्याच्या वहीवर सोपवलं. आठवडाभरात चार ॲप मार्गी लागली आणि उरलं फक्त हजेरीचं.

या हजेरीची एक रीत होती. आल्या आल्या प्रत्येकानं पडद्यावर आपला आकडा दाबायचा. सव्वादहाला हजर माणसांच्या नावांचा कागद आपोआप बाहेर पडायचा, आणि चहावाला गिरियप्पा तो उचलून त्यावर जितकी नावं तितके ग्लास घेऊन यायचा. कागद यंत्रातून निघायचा आणि गिरियप्पाच्या खिशात जायचा, मध्ये कोणी तो वाचत नसे. आता प्रत्येकाचं नाव फोन नंबरासह नव्या यादीत हलवायचं होतं, म्हणून त्या मंगळवारी जलजाक्षीनं तो कागद गिरियप्पाच्या आधी उचलला.

माणसं अकरा होती. नावं बारा होती. तिच्या स्वतःच्या नावाखाली लिहिलं होतं: वारिजा.

कोणीतरी नोकरी सोडून गेलेलं असणार, आकडा काढायचा राहून गेला असणार आणि तो कोणाकडून तरी चुकून दाबला जात असणार, असं तिला वाटलं. चहा आला तेव्हा तिनं सहज विचारलं, “गिरियप्पा, ही वारिजा कोण होती रे?”

“होती म्हणजे?” गिरियप्पा थबकला. मग त्याच्या पिकल्या मिशीत हसू आलं. “काय अक्का, या वयात माझी फिरकी घेता? आत्ता तर दोघींचे दोन ग्लास ठेवले टेबलावर.”

तो रोज दोन ग्लास ठेवायचा हे खरं होतं. दुसरा ग्लास येणाऱ्याजाणाऱ्यासाठी असेल, असं तिनं कधीतरी ठरवून टाकलं होतं, आणि संध्याकाळी दोन्ही ग्लास रिकामे असत याकडे तिचं लक्ष गेलं नव्हतं.

तिनं आयरीनला विचारलं. आयरीननं खुर्ची जवळ ओढली आणि आवाज उतरवला. “भांडलात का दोघी? काल तर चांगल्या हसत होतात डबा खाताना.”

“कोणाबरोबर हसत होते मी?”

“अक्का, चेष्टा पुरे हं. तुमचं दोघींचं इतकं गूळपीठ, की आम्ही कधी मध्ये येत नाही. हमीद नवीन आला तेव्हा म्हणाला होता, जलजक्कांना जेवायला बोलवू या. मीच त्याला म्हटलं, त्यांना वारिजक्का आहेत, त्यांना आपलं काय पडलंय!”

जलजाक्षी जागेवर येऊन बसली. शेजारच्या खुर्चीकडे तिनं बावीस वर्षांत प्रथमच नीट पाहिलं. कोणी बसत नसेल तर खुर्चीवर धूळ हवी. या खुर्चीचे हात मात्र झिजून गुळगुळीत झाले होते. ती रोज सात-आठ नीरडोसे आणायची आणि डबा रिकामा घरी जायचा, एवढे डोसे आपल्या पोटात मावतात कसे, हाही विचार तिच्या मनात कधी आला नव्हता.

दोन दिवस ती खुर्चीकडे तोंड करून बसली. कागदावर रोज बाराच नावं येत. तिसऱ्या दिवशी दुपारी डबा उघडून तिनं झाकणात दोन डोसे काढले, ते पलीकडे सरकवले, आणि कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, “वारिजा?”

खुर्ची रिकामीच होती. पण खिडकीपाशी आयरीननं हमीदला कोपरानं ढोसलं आणि दोघांनी खाली मान घालून हसू दाबलं. ते तिनं पाहिलं.

त्या हसण्यानं तिच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे हे असं आहे तर! एकटी बाई, ना नवरा ना मूल, तिला हवेतली मैत्रीण करून द्यायची आणि खिडकीत बसून मजा पाहायची. गिरियप्पासुद्धा सामील, आणि ते नाव यंत्रात घातलं असेल त्या आयरीननंच. बावीस वर्षांत तिला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. सगळ्यांत जास्त लागलं ते हे, की दोन दिवस, निदान दोन दिवस, तिनं त्यावर विश्वास ठेवला होता आणि त्या दोन दिवसांत तिला बरं वाटलं होतं.

एकतीस तारखेला संध्याकाळी चार वाजता ती प्रिंटरपाशी उभी राहिली. पडद्यावर एकेक नाव येत होतं आणि त्याखाली दोन चौकोन होते, ‘हलवा’ आणि ‘बंद करा’. हलवायचं तर फोन नंबर लागे. अकरा नावं तिनं हलवली. बारावं आलं.

“आयरीन,” तिनं मान न वळवता विचारलं, “वारिजाचा नंबर काय?”

“मला काय विचारता? त्यांनाच विचारा की. तुमच्या मागेच तर उभ्या आहेत.”

जलजाक्षीचं बोट पडद्यावर तसंच राहिलं. वळून पाहिलं की सगळी कचेरी खो खो हसणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं, आणि ते हसू सोसण्याची ताकद तिच्यात उरली नव्हती. ती वळली नाही. तिनं ‘बंद करा’ दाबलं.

यंत्र थोडा वेळ गुरगुरलं. पाठीमागून कोणीतरी अगदी हलक्या पावलानं लांब गेल्यासारखं वाटलं, मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, मग तोही थांबला. कागद बाहेर आला. त्यावर अकरा नावं होती.

दुसऱ्या दिवशी गिरियप्पानं तिच्या टेबलावर एकच ग्लास ठेवला. आता चेष्टा संपली असं समजून ती कडवटपणानं म्हणाली, “का रे, वारिजाचा कुठाय?”

“कोण वारिजा?” गिरियप्पानं विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

तिनं आयरीनकडे पाहिलं. आयरीननं मान हलवली. हे नाव तिनं कधी ऐकलंच नव्हतं. दुपारी आयरीन स्वतः उठून आली आणि म्हणाली, “अक्का, एकट्या काय बसता रोज? या ना आमच्यात.” बावीस वर्षं ज्या शब्दांची वाट पाहिली ते असे अचानक आले आणि जलजाक्षी डबा घेऊन खिडकीपाशी गेली. सगळे आग्रहानं वाढत होते, बोलत होते. चार डोसे उरले.

संध्याकाळी बस भरलेली होती. ती आपल्या नेहमीच्या बाकावर खिडकीशी बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. शेजारची जागा रोजच्यासारखीच मोकळी राहील, असं तिला वाटत होतं. राहावी, असंही वाटत होतं. पुढच्याच थांब्यावर एक मासेवाली रिकामी टोपली सांभाळत वर आली, तिनं बाकाकडे पाहिलं, जरा थांबली, आणि धपकन शेजारी बसली. तिचा घामेजला, ऊबदार दंड जलजाक्षीच्या दंडाला टेकला.

“हुश्श! आज पाय तरी टेकले,” मासेवाली म्हणाली. “रोज तुमच्याशेजारी ती तुमची मैत्रीण असते, म्हणून मी आपली उभीच राहते. आज कुठे गेली ओ ती? कालच्याला बसमधून उतरून थांब्यावर एकटीच उभी होती, रडत होती बिचारी.”