उजवीकडे नेलेली कळ

मित्रांनो, मी एक जुना कळफलक. खोक्यातून बाहेर आलो तो थेट एका प्रोग्रॅमरच्या टेबलावर. माउसला हात लावणे त्याला कमीपणाचे वाटे. एकाच पडद्यावर तो कामाच्या कितीतरी खिडक्या उघडी. त्यांना हुकूम सोडायचा तर आधी डाव्या करंगळीने कंट्रोल धरून 'ए' दाबायचा, मग पुढची कळ. एका कळीने खिडकी दुभंगे, दुसरीने बंद होई. "बोटांना सगळं पाठ आहे," तो बायकोला सांगे आणि मी फुशारून जाई.

मग एका सकाळी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. माझ्यावर धूळ साचत गेली. तो परतला तेव्हा एकटा उजवा हातच माझ्यापाशी आला. डावा मांडीवर पडून राहिला.

"हुकुमाची कळ उजवीकडे आणू या," बायको म्हणाली. तो सांगेल तसे ती सेटिंग बदलत गेली. दोघांनी अर्धविरामाची कळ निवडली आणि तिथेच घात झाला. त्याच्या प्रोग्रॅमची जवळजवळ प्रत्येक ओळ अर्धविरामाने संपे. तो ओळ संपवी, पडद्याला तो हुकूम वाटे आणि पुढची कळ दाबताच खिडकी दुभंगे. एकदा ती बंदच झाली. सकाळभराचे काम गेले.

त्याने माझ्यावरून हात काढून घेतला. "माझ्या बोटांत दुसरंच कुणीतरी शिरलंय गं. मी लिहितो एक, ते करतं भलतंच. ठेवून दे हा कळफलक."

बायकोने मला हलवले नाही. जरा वेळाने तिने विचारले, "अरे, जिला तू जन्मात हात लावला नाहीस, अशी एखादी कळ आहे का?"

तो कित्येक महिन्यांनी हसला. "ती वरची, पॉझ. कशाला असते देव जाणे!"

तीच हुकुमाची कळ झाली. कामे वेळेवर जाऊ लागली, नोकरी टिकली.

पण मित्रांनो, काम आटोपले की कधी कधी तो उजव्या हाताने डावा हात उचलतो आणि माझ्यावर ठेवतो. करंगळी अचूक कंट्रोलवर येते. त्या हातात साधी कळसुद्धा येत नाही. तरी तो पडद्याकडे बघत राहतो, आत्ता काहीतरी उघडेल असे. बायको दारातूनच मागे फिरते.

तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याची धूळ जरूर पुसा. फक्त फडके हळू फिरवा. तिथे कुणाचा तरी हात ठेवलेला असेल.