काकूंची चांदणी

टपालानं आलेल्या भाषेच्या नव्या पुस्तकात युदितकाकूंच्या एका वाक्याला चांदणी मिळाली, हे त्यांनी अख्ख्या कोमलोश गावाला सांगितलं. बेकरीवालीला, पाद्रीबाबांना, पोस्टमनला तर दोनदा. "अठ्ठावीस वाक्यं दिली मी, पण चांदणी या एकालाच!"

त्या चांदणीचा अर्थ मला पहिल्याच दिवशी कळला होता. पण त्यांचा फुललेला चेहरा बघून आठ दिवस जीभच रेटली नाही.

वाक्य होतं, "मला आईनं ठेवलं." सत्तेचाळीस साली आमच्यातली कितीतरी स्लोव्हाक घरं सामान बांधून स्लोव्हाकियाला गेली. काकूंचा बाप मोठ्या दोघींना घेऊन गाडीत चढला. सहा वर्षांची युदित इथे हंगेरीतच आईजवळ राहिली. बहिणी जन्मभर पत्रांतून टोचत राहिल्या, तुला बाबानं टाकलं म्हणून. त्यावर काकूंचं हे एवढंच उत्तर.

बुधवारी ते पुस्तक लिहिणारे ब्रातिस्लाव्हाचे ह्रिवनाक सर संस्कृतिगृहात त्यावर बोलायला आले. आमची स्लोव्हाक, शेजारची हंगेरियन, पलीकडची रुमानियन. कुठल्या भाषेत कुठला शब्द कुठे बसतो, यावर चारशे पानं. काकू काळा रेशमी रुमाल बांधून पहिल्या रांगेत. "सर, माझं ते चांदणीवालं वाचा की!"

सर हसले. "अहो आजी, चांदणी चुकीच्या वाक्याला देतात. महत्त्वाचा शब्द क्रियापदाच्या आधी बसवायचा, ही हंगेरियन खोड. स्लोव्हाकमध्ये तो शेवटी येतो. शुद्ध रूप शेजारी दिलंय : मला ठेवलं आईनं. तुमच्यासारखं कुणी म्हणत नाही."

मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. याच माणसानं तीन दिवस काकूंच्या स्वयंपाकघरात बसून खसखशीचा केक हादडला होता, आणि "वा आजी, वा!" करत वाक्यं उतरवून घेतली होती. मेला!

काकू उठल्या. "कुणी म्हणत नाही? मग मी कोण, भूत? शाळेत स्लोव्हाक बोलले म्हणून मास्तरनं हातावर पट्टी मारली, आणि आता तेच स्लोव्हाक तुमच्याशी बोलले तर तुम्ही चांदणी मारलीत! तुमच्या वाक्यात माझी आई शेपटासारखी मागे लोंबतेय. ती मागे नव्हती हो! फलाटावर माझ्या आणि बाबाच्या मधे उभी होती!"

त्यांनी सरांच्या खिशातलं पेन ओढलं आणि त्यांच्याच पुस्तकात, त्या शुद्ध वाक्याच्या डोक्यावर, चांगली ठसठशीत चांदणी काढली.

"हे आमच्यात कुणी म्हणत नाही. घ्या लिहून."

सरांचं तोंड एवढंसं झालं. मला तर टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.

"काकू, काय जिरवलीत त्याची!" घरी परतताना मी म्हणाले.

काकू झपझप पुढे निघाल्या. फाटकाशी पोचल्यावर मात्र गर्रकन वळल्या. "तू शाळेत स्लोव्हाक शिकवतेस. चांदणी म्हणजे काय, तुला ठाऊक होतं?"

मी मान खाली घातली.

"आठ दिवस गावभर नाचत होते मी. बेकरीत. चर्चमध्ये. माझं हसं कुणी होऊ दिलं?"

सबबी पुष्कळ सुचत होत्या. त्या सगळ्या गिळून मी म्हणाले,

"तुमचं हसं मी होऊ दिलं, काकू."

"वाक्य बरोबर आहे. त्यात 'मी' शेपटाला लोंबत नाही," त्या म्हणाल्या, आणि फाटक माझ्या तोंडावर लावून घेतलं.