तिरक्या अक्षरांतली खाच

नव्या 'भरारी जिम'च्या पाटीवर आपलीच तिरकी, टोकदार अक्षरं बघून अक्षरकाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धावपटूसारखी पुढे झुकलेली ती नव्या फॉन्टची अक्षरं त्यानं अजून बाजारात आणलीच नव्हती. मत विचारायला म्हणून फक्त तिघांना दिली होती. पण गडी पक्का संशयी. नमुना देताना तो एखाद्या अक्षरात बारीकशी खाच मारून ठेवायचा, प्रत्येकाला वेगळी, म्हणजे चोर आपोआप सापडावा. भागीदाराच्या नमुन्यात 'म'च्या गाठीला, मेहुण्याच्या नमुन्यात 'र'च्या पायाला.

"मेहुणाच असणार. उगाच नाही लेकाचा इतकं गोड बोलत," असं पुटपुटत तो पाटीखाली जाऊन उभा राहिला.

'र'चा पाय साफ होता. 'म'ची गाठही साफ. त्यानं सगळी पाटी डोळ्यांनी पिंजून काढली, खाच कुठेच नव्हती.

बिनखाचेचा नमुना त्यानं एकाच माणसाला दिला होता. तिथे खाच मारायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

फोन वाजला. "जेवायला येताय ना?" बायकोनं विचारलं.

"येतो," तो म्हणाला, आणि तिच्या आवाजात खाच शोधू लागला.